राव सर हजेरी शेवटी घेत

मंगळवारी सकाळी सव्वासहाला राव सर मैदानावर आले नाहीत. मुलांनी पावणेसातपर्यंत वाट पाहिली. सातला त्यांच्या मुलीचा मला फोन आला. राव सर पहाटे चारला गेले होते.

नुंगंबाक्कमला त्यांच्या घरी मी पोचले तेव्हा जिन्याच्या तळापर्यंत पादत्राणं होती. चपला थोड्या, बूट फार. धावायचे बूट, टाचा झिजलेले, आत मोजे खुपसलेले. शोकाच्या घरापुढे असे बूट मी कधी पाहिले नव्हते. वर शेजारचे एक गृहस्थ हळू आवाजात तमिळमध्ये म्हणत होते की एवढा व्यायामाचा माणूस, आणि त्याचं हृदयच थांबावं. राव सरांची मुलगी तेवढ्यापुरती वळली आणि म्हणाली, "अप्पा असते तर म्हणाले असते, मरू नये म्हणून कोण व्यायाम करतो?" ती हे रडत रडत म्हणाली, पण म्हणाली. त्या घरात वाक्य गिळायची पद्धत नव्हती.

रघोत्तमराव हे त्यांचं पूर्ण नाव. आमच्या विद्यापीठात ते शारीरिक शिक्षण विभाग सांभाळत. तामिळनाडूत या पदाला फिजिकल डायरेक्टर म्हणतात, म्हणून मुलं त्यांना पीडी सर म्हणायची. मी मानसशास्त्र शिकवते. मूळची साताऱ्याची, लग्नानंतर चेन्नईला आले आणि वेलचेरीत राहिले. आमची ओळख कॅन्टीनच्या कॉफीच्या रांगेत झाली. मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावर मागचे गृहस्थ काहीतरी बोलले. मी इंग्रजीत सांगितलं की मला तमिळ अजून येत नाही. ते म्हणाले, "बाई, मी तमिळ बोललों नाहीं. ही तुमचीच भाषा."

होतीही. तंजावरकडच्या मराठी घराण्यांची, कित्येक पिढ्या तिकडे राहिलेली, तमिळच्या चालीवर हेलकावत जाणारी मराठी. मला ती जशीच्या तशी लिहिता येणार नाही. कानात राहिली तशी लिहिते. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "जेविलां का?" आणि मला एकदम माझ्या पणजीचं बोलणं ऐकल्यासारखं वाटलं. मी तसं सांगितलं तर खूश झाले. नंतर मात्र माझ्या मराठीची थट्टा त्यांनी सोडली नाही. ती त्यांना वर्तमानपत्रासारखी वाटे. आमची भाषा जुनी झाली, तुमची बिघडली, असा त्यांचा निकाल होता, आणि त्यावर अपील नव्हतं.

व्यायाम शिकवणारा माणूस म्हणून ते पटकन ओळखू येत नसत. थोडं पोट होतं. डावा गुडघा नीट वाकत नसे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खाकी पँट, पायांत तपकिरी कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी नसायची. शिट्टी ट्रॅफिकसाठी, असं ते म्हणत. विभागाकडे एक स्टॉपवॉच होतं, ते त्यांनी ड्रॉवरमध्ये डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलं होतं. विद्यापीठाच्या संघांना धावायला शिकवणारे दुसरे दोन तरुण शिक्षक होते, ते वेळा मोजत, पदकं आणत. राव सरांचं काम सव्वासहाला यायच्या मुलांचं. ही मुलं कुठल्याच संघात नसत. कुणी रसायनशास्त्राचं, कुणी इतिहासाचं, कुणी फक्त हॉस्टेलच्या खोलीत झोप येत नाही म्हणून आलेलं. सक्ती नव्हती. ये, नाहीतर उद्या ये, एवढंच.

नियम दोन. पहिला, धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे; बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. त्यामुळे आमच्या मैदानावर सकाळी जो कलकलाट असे तो धावण्याचा कमी आणि गप्पांचा जास्त. राव सर मधूनमधून हात खाली दाबून "मेल्ल, मेल्ल" म्हणत, म्हणजे सावकाश. दुसरा नियम, धावणं झाल्यावर कूळ प्यायचं. कूळ म्हणजे आपली नाचणीची आंबील, ताक घातलेली, पातळ. हॉस्टेलच्या मेसमधल्या सेल्वी अक्का ती आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवत आणि सकाळी दोन मुलं पातेलं उचलून मैदानाच्या कडेला, पसरट झाडाखाली आणून ठेवत. बरोबर एका ताटलीत लहान कांदे आणि ताकात मुरवून वाळवलेल्या तळलेल्या मिरच्या. मुलं स्टीलचे पेले घेऊन उभी राहत. राव सर पातेल्याजवळ स्टुलावर बसत, मांडीवर हजेरीची वही घेत आणि एकेक नंबर लिहीत.

हे मी तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून रोज पाहत असे. मी लवकर येते. सकाळचा तास-दीड तास वाचायला मिळतो. हजेरी शेवटी घेतात ती उशिरा येणारी मुलं सुटू नयेत म्हणून, असं मी समजत होते. विचारलं नाही कधी. न विचारता समजून घेण्याची मला सवय आहे.

एका वर्षी पाऊस एवढा झाला की मैदान आठवडाभर पाण्याखाली होतं. वेलचेरीत आमच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी शिरलं आणि माझी पुस्तकं गेली. चौथ्या दिवशी मी विद्यापीठात आले तर ग्रंथालयाच्या जिन्यावर पन्नास-साठ मुलं वरखाली करत होती. हातात पुस्तकं. तळघरातली कपाटं ओली होण्याआधी रिकामी करायची होती, आणि राव सरांनी ग्रंथपालांना सांगितलं होतं की माझी पोरं आणतील. बोलत धावायचा नियम तेवढा मागे घेतला होता. ग्रंथालय आहे, श्वाससुद्धा हळू घ्या, असं त्यांनी बजावलं होतं, आणि मुलं तोंड दाबून हसत चार मजले चढत होती. मी बाजूला उभी होते. माझ्या घरचं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी सांत्वन केलं नाही. सहा जाड कोशांचा गठ्ठा माझ्या हातांवर ठेवला आणि म्हणाले, "चवथ्या मजल्यावर. मेल्ल." मी अकरा खेपा केल्या. रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मुलांना धीर देण्याची त्यांची पद्धत ही अशी, न बोलता. मनानं खंबीर व्हा, असं ते कुणाला म्हणत नसत. कसा आहेस, असंही विचारत नसत. त्याला एकच उत्तर येतं, हे त्यांना माहीत होतं. ते विचारत, झोप किती झाली, काल शेवटचं कोणाशी बोललास, घरी फोन कधी केलास. ही उत्तरं खोटी द्यायला जरा वेळ लागतो, आणि तो वेळ ते पाहत.

मग माझ्या अभ्यासाचं वर्ष आलं. विद्यार्थ्यांच्या व्यायामाच्या सवयी आणि मनाची उभारी, म्हणजे धक्का बसल्यावर सावरण्याची ताकद, यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी प्रश्नावली होती. 'अडचणीतून मी लवकर बाहेर येते', अशी विधानं, आणि पुढे पाच चौकटी, पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत. व्यायाम किती करता, हेही विचारलं होतं. माणसं आपल्या चांगल्या सवयी फुगवून सांगतात, हे आमच्या शास्त्रात पहिल्या वर्षीच शिकवतात. म्हणून मुलांची परवानगी घेऊन मी राव सरांची हजेरीची वही मागितली. कोण खरंच धावतं ते तीत दिसेल. त्यांनी ती लगेच दिली. फक्त म्हणाले, "वाचतां येईल ना?" मला वाटलं अक्षराबद्दल म्हणताहेत.

दोन्हीकडच्या नोंदी छान जुळत होत्या. एक सोडून. कायल्विळी नावाची मुलगी, एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाची, हॉस्टेलवर राहणारी. तिच्या प्रश्नावलीत व्यायाम रोज, दोन्ही वेळा. मनाची उभारी सगळ्यांत वरची. एकूणएक विधानांपुढे पूर्ण सहमत. आणि वहीत तिच्या नंबरासमोर दीड महिना कोरा. मी तिला ओळखत होते. निळा टी-शर्ट, घट्ट वेणी. माझ्या खिडकीखालून ती रोज जात असे, सगळ्यांच्या पुढे, एकटी. म्हणजे मुलगी खोटं बोलत नव्हती. मग वही चुकली होती. अशा वेळी आम्ही नोंदी साफ करतो, म्हणजे जी जुळत नाही ती बाजूला काढतो. मी कायल्विळीची ओळ काढून टाकली.

वही परत करताना मी सौम्यपणे सांगितलं की एका ठिकाणी चूक राहिली आहे.

"कुठें?"

मी नंबर दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ओळ शेवटपर्यंत पाहिली.

"चूक नाहीं. ती आली नाहीं."

"सर, मी रोज पाहते तिला धावताना."

"धावायला येते. कूळ प्यायला येत नाहीं. बाई, ही वही धावण्याची नव्हे."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी सात वर्षं खिडकीतून पाहत होते आणि मला दिसलं नव्हतं. ज्याला पाय आहेत तो धावतो, त्यात लिहिण्यासारखं काय. धावणं झाल्यावर जे पोर दहा मिनिटं चारचौघांत उभं राहतं, पेला धरतं, कांदा कुणाला मोठा गेला यावरून भांडतं, त्याची त्यांना काळजी नसे. जे पोर धावून तसंच निघून जातं त्याच्यासमोर ते कोरं ठेवत. एक-दोन दिवस कोणाचेही कोरे जातात. आठवडा गेला की ते त्या पोराकडे पाहायला लागत. त्यांची ती सगळी वही उभारीची होती, आणि मी तिच्यात व्यायाम मोजून आले होते.

"हिला मी पाहतों आहें," ते म्हणाले. "जवळ येत नाहीं. पलीकडच्या कोपऱ्यांत झाडामागें जाऊन थांबते. धाप लागलेली सुद्धां कोणाला दिसूं देत नाहीं."

मी तेव्हा सांगू नये ते सांगितलं. प्रश्नावलीतली उत्तरं गुप्त असतात. पण मी म्हणाले की तिचं मन मजबूत आहे, सगळ्यांत मजबूत तिचंच आलं आहे, तिनं प्रत्येक ठिकाणी पूर्ण सहमत लिहिलं आहे. राव सरांनी चष्मा काढला.

"एकवीस-बावीस वर्षांची पोर. एकाही गोष्टीला नाहीं म्हणाली नाहीं?"

"नाही."

"एवढी मजबूत पोर मी आजवर पाहिली नाहीं. म्हणून मला भय वाटतं, बाई." मग त्यांनी विचारलं की तिच्या ओळीचं मी काय केलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी कोरी ठेवली, तुम्ही काढून टाकली. दोघांनीं मिळून पोर गायब केली कीं."

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं नाही, खाली गेले. राव सरांनी कायल्विळीला कोपऱ्यातून हाक मारली आणि तिच्या हातात पळी दिली. आज वाढणारं पोर आलेलं नाही, तू वाढ. एवढंच. वाढणाऱ्यासाठी त्या मैदानावर एक रीत होती, ती मला तोवर माहीत नव्हती. वाढणारा शेवटी पितो, आणि तो पिईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. मुलं तिला कायल म्हणत; कायलनं सगळ्यांना वाढलं. मग पळी ठेवली आणि म्हणाली, मी नंतर घेईन. कुणी हललं नाही. आठ वाजता तास होते. एक मुलगा म्हणाला, "अक्का, माझा प्रयोगशाळेचा तास आहे, ते सर मला आधीच उशिरा येणारा म्हणून ओळखतात." मुलं हसली. ती नाही हसली. तिचा चेहरा बंद होता. मला वाटलं हे चुकतंय, तिला सगळ्यांसमोर उभं करणं बरं नाही. तेवढ्यात राव सर म्हणाले, सगळ्यांनी मैदानाकडे तोंड करा. साठ मुलं रिकामे पेले घेऊन पाठमोरी उभी राहिली. मीही वळले. आमच्या पाठीमागे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पातेल्याला पळी लागल्याचा आवाज आला.

त्यांनी तिला चार दिवस वाढायला लावलं. चौथ्या दिवशी मुलं गेल्यावर ती नळावर पातेलं घासत होती, राव सर पाणी ओतत होते, मी पेले विसळत होते. ती खाली पाहतच बोलायला लागली. दोन पेपर राहिले होते. तिकडे त्याला अरिअर म्हणतात. ती गुम्मिडिपूंडीची. वडील तिथल्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. त्यांनी साऱ्या पाळीला सांगून ठेवलं होतं की मुलगी पहिली येणार. पोंगलनंतर ती घरी गेली नव्हती. धावलं की डोकं रिकामं होतं, म्हणून आधी सकाळी धावायची, मग दोन्ही वेळा. जेवण कमी केलं होतं, कारण पोट भरलं की विचार येत. हल्ली धावूनही डोकं रिकामं होत नव्हतं. म्हणून संध्याकाळी ती बाहेर जाऊन रेल्वेच्या रुळांच्या कडेनं धावायला लागली होती.

राव सरांनी पाणी ओतणं थांबवलं. लेकीला विचारावं तसं तमिळमध्ये विचारलं, "रुळांच्याच कडेनं का, कण्णा?"

तिनं पातेलं सोडून पळी घेतली. तेवढीच घासत राहिली.

पुढचं काम माझं होतं आणि ते मी केलं. त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं, हॉस्टेलच्या खोलीत तिच्या मैत्रिणीला बरोबर राहायला सांगितलं, विभागप्रमुखांशी बोलले. राव सरांनी तिचं धावणं बंद केलं नाही. आठवड्यातून तीन दिवस, इतरांबरोबर, बोलत. रविवारी ते म्हणाले, चला, हिच्या घरी जाऊं. मुलीबरोबर एक बाई असावी म्हणून मी.

गुम्मिडिपूंडीचं घर दोन खोल्यांचं होतं. आम्हाला खुर्च्या दिल्या, गुलाबपाण्याच्या वासाचा थंड पन्नीर सोडा दिला. सांगायचं तिनंच, हे गाडीत ठरलं होतं. तिनं सांगितलं, दोन पेपर, सगळं. वडील जमिनीकडे पाहत बसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "दोन? तुझा बाप दहावीला तीनदा नापास झाला. तिन्ही वेळा निकाल बघून सिनेमाला गेला." राव सर इतक्या मोठ्यानं हसले की बाहेरचा कोंबडा पळाला. वडिलांच्याही ओठांचा कोपरा हलला. आणि कायल, जी इतके दिवस दगडासारखी होती, ती आईच्या कमरेला धरून रडायला लागली. आम्ही दोघं अंगणात जाऊन उभे राहिलो.

वडील स्टेशनपर्यंत सोडायला आले. गाडी येताना दिसली तेव्हा राव सरांना म्हणाले, "सर, ती लहानपणी पडली तरी रडायची नाही. आम्ही चार लोकांत त्याचं कौतुक करायचो. ते करायला नको होतं."

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. राव सर खिडकीशी बसले होते. त्या एका प्रवासात त्यांनी मला स्वतःबद्दल सांगितलं. त्याआधी नाही, नंतरही नाही. तरुणपणी ते अडथळ्यांच्या शर्यतीत धावत. निवड चाचणीत गुडघा गेला. त्यानंतर एक वर्ष ते घराबाहेर पडले नाहीत. नातेवाईक येऊन धीर देत, त्यानं ते आणखी आत जात. तेव्हा त्यांच्या गल्लीत पाणी नसे. दोन गल्ल्या पलीकडे हातपंप होता. एका संध्याकाळी आईनं प्लास्टिकचा कुडम, म्हणजे घागर, त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, मज होत नाहीं आज. दुसऱ्या दिवशीही तिला होईना. तिसऱ्या दिवशीही. बायकांच्या रांगेत उभा राहणारा तो एकटा पुरुष. बायकांनी नावं ठेवली, मग बोलायला लागल्या, मग रांगेत त्याची जागा धरून ठेवायला लागल्या. "तिनें मला व्यायाम सांगितला नाहीं, धीर दिला नाहीं," राव सर म्हणाले. "कुडम दिला. आणि रोज खोटं बोलली. बाईला काहीं झालेलं नव्हतं."

कायल लगेच बरी झाली नाही. औषधं होती, वाईट आठवडे होते. तीन दिवसच का, चार का नाही, यावरून ती राव सरांशी भांडे, आणि ते भांडण त्यांना फार आवडे. पेपर एक वर्ष उशिरा सुटले. राव सरांनी ही गोष्ट कुणाला यशाची म्हणून सांगितली नाही. तिच्या परवानगीनं मी इथे सांगते आहे; ती आनंदानं हो म्हणाली, त्यांना मात्र ते पसंत पडलं नसतं.

माझ्या अभ्यासात मी तिची ओळ परत घातली. चित्र पहिल्याइतकं नीटस राहिलं नाही. व्यायामानं मनाला उभारी येते, हे मी आजही म्हणते, वर्गात ठासून सांगते. पण त्याच्या पुढे एक प्रश्न जोडते: धावून झाल्यावर तुम्ही कुणाजवळ थांबता? छापलेला लेख मी राव सरांना दिला. त्यांनी तो हातात तोलला.

"किती पानें?"

"बावीस."

"ह्यांत कूळ आहे का?"

"एका तळटीपेत आहे, सर."

"मग सेरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि तो लेख त्यांनी स्टॉपवॉचच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. वाचला का ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मी रोज खाली जाऊ लागले. धावत नसे, पेला घेऊन उभी राहत असे. त्यांनी माझं नाव वहीत मुलांच्या खाली घातलं, आणि परीक्षेचे पेपर तपासण्याच्या दिवसांत मी दोनदा आले नाही तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारलं, झोप किती झाली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सोमवारी संध्याकाळी, विद्यापीठाच्या फाटकाबाहेर. मी शेअर ऑटोत आधीच बसले होते. ते मागून आले, काखेत शेवग्याच्या शेंगांची लांब जुडी. ऑटो भरला होता. चालकानं पुढे आपल्या शेजारी अर्धी जागा करून दिली. राव सरांनी शेंगांकडे पाहिलं, त्या जागेकडे पाहिलं आणि मान हलवली. मागच्या ऑटोलाही त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग जुडी खांद्यावर टाकून ते चालायला लागले, डावा पाय थोडा बाहेर टाकत, कुणालातरी ओलांडून जाताना शेंगा लागू नयेत म्हणून मध्येच आडवे होत. सिग्नलला आमचा ऑटो थांबला तेव्हा ते पुढे निघून गेले होते. नंतर आम्ही त्यांना मागे टाकलं. मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. ते बरोबरच्या एका अनोळखी माणसाशी बोलत चालले होते.

याला आता पाच महिने झाले. सव्वासहाला मुलं येतात. पूर्वीपेक्षा थोडी कमी. विभागात नवीन मॅडम आल्या आहेत, त्या शिट्टी वाजवतात आणि चांगल्या आहेत. सेल्वी अक्का निवृत्त झाल्या. कायल गुम्मिडिपूंडीजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. तिचा मला आठवड्याला एखादा फोन येतो. बरी असली तर शाळेतल्या गमती सांगते. बरी नसली तर बरी नाही म्हणून सांगते.